आवाळूं : एका निरुपद्रवी गांठीचा इतिहास

रोगांच्या इतिहासाकडे आपण पाहूं लागलों म्हणजे पटकी, प्लेग, देवी, क्षय अशा भयंकर शत्रूंचींच नांवें प्रथम डोळ्यांपुढें उभीं राहतात. ज्या व्याधीनें गांवें ओस पडलीं नाहींत आणि घरें बसलीं नाहींत, तिचा इतिहास सांगावा असें सहसा कोणास वाटत नाहीं. तथापि ज्या दुखण्यास कोणी दुखणेंहि म्हणत नाहीं, त्याच्या इतिहासांतूनहि वैद्यकशास्त्राची वाटचाल चांगली दिसून येते. असें एक दुखणें म्हणजे आपल्या भाषेंत ज्यास आवाळूं म्हणतात ती कातडीखालची वाटोळी, मऊसर, संथपणें वाढणारी गांठ.

आवाळूं डोक्यावर, मानेवर, पाठीवर, चेहऱ्यावर, क्वचित् अन्यत्रहि येतें. तें बहुधा दुखत नाहीं, वर्षानुवर्षें जवळजवळ एकाच आकाराचें राहतें, आणि टोपीच्या किंवा केसांच्या आड सुखानें नांदतें. म्हणून रोगी त्याची पर्वा करीत नाहीं, आणि वैद्यहि "यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं" एवढें सांगून त्यास निरोप देतो. बहुतेक वेळां हें सांगणें बरोबरच असतें. परंतु 'निरुपद्रवी' हा त्या गांठीविषयीं दिलेला एक निकाल आहे, आणि कोणत्याहि निकालापूर्वीं पुरावा पाहावा लागतो. हा पुरावा कोणता, आणि तो माणसाच्या हातीं कसकसा येत गेला, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम ही गांठ होते कशी तें पाहूं. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर रोज झिजतो व त्याचा भुगा नकळत गळून पडतो. केसाचें मूळ बुजल्यामुळें, जखमेंतून कातडीचा एखादा कण आंत रुजल्यामुळें, किंवा गर्भावस्थेंतच कातडीचा अंश खोलवर अडकून राहिल्यामुळें हा थर कधीं कधीं कातडीखालीं पिशवीसारखा मिटून जातो. तसें झालें तरी त्याचें झिजण्याचें काम थांबत नाहीं. घरचा केर बाहेर न टाकतां माजघरांतच सांठवीत जावा, तसा तो भुगा पिशवीच्या पोटांत सांठत जातो. नखें व केस ज्या द्रव्याचीं बनलेलीं असतात, तें केरॅटिन नांवाचें द्रव्यच या भुग्यांत मुख्यतः असतें. तो ओलसर, पांढुरका, दह्याच्या चक्क्यासारखा दिसतो व त्यास उग्र घाण येते. मळ काढला आणि पिशवी तशीच राहिली, तर गांठ पुन्हां भरते. कारण रोगाचें मूळ त्या पिशवीच्या भिंतींत असतें. ही एक साधी गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील इतिहास समजण्यास सोपा जाईल.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ग्रंथि, अपची, अर्बुद व गलगंड यांचें वर्णन एकाच अध्यायांत आलें आहे. ग्रंथीचे जे प्रकार तेथें सांगितले आहेत, त्यांतील मेदोज ग्रंथि आपल्या आवाळूशीं बरीच जुळते. ती स्निग्ध व मोठी असते. तिला वेदना थोडी व कंड पुष्कळ असते. शरीराबरोबर ती वाढते व शरीराबरोबरच उतरते. आणि फुटली असतां तिच्यांतून तिळाच्या पेंडीसारखा व तुपासारखा मेद बाहेर येतो, असें त्या ग्रंथांत म्हटलें आहे. ज्यानें अशी गांठ उघडलेली पाहिली नाहीं, त्याला पेंडीची उपमा सुचणें कठीण. पुढें चिकित्सास्थानांत, मर्मस्थानीं नसलेली व औषधांनीं न शमणारी ग्रंथि पिकण्यापूर्वींच चिरून काढावी आणि रक्त थांबल्यावर तेथें डाग द्यावा, असा उपदेश आहे. यांतील दोन अटी लक्षांत घेण्यासारख्या आहेत : गांठीची जागा पाहावी ही पहिली, आणि ती पिकूं देऊं नये ही दुसरी. अर्बुदाच्या चिकित्सेंत तिसरीहि एक अट येते. दोषाचा अंश मागें राहिल्यास अर्बुद लवकरच पुन्हां उद्भवतें, आणि शेष राहिलेलें अर्बुद अग्नीप्रमाणें घात करतें. म्हणून तें निःशेष काढावें. अर्बुद म्हणजे आवाळूं नव्हे हें खरें. तरी 'निःशेष' या शब्दांतील शहाणपण दोघांनाहि सारखेंच लागू पडतें.

तिकडे इसवी सनाच्या पहिल्या शतकांत सेल्सस नांवाच्या रोमन ग्रंथकारानें लॅटिन भाषेंत वैद्यकावर आठ भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या भागांत डोक्यावर येणाऱ्या गांठींचें प्रकरण आहे. या गांठींना ग्रीक वैद्यांनीं दिलेलीं नांवें तो नमूद करतो : एक मधाच्या पोळ्यावरून, दुसरें पिठाच्या पेजेवरून, तिसरें चरबीवरून. हीं नांवें सगळीं आंतल्या द्रव्यावरून पडलेलीं आहेत. पण उपाय सांगतांना सेल्ससचें लक्ष पिशवीकडे असतें. केस काढून कातडी चिरावी, आणि पिशवीला धक्का न लावतां ती सबंध सोडवून घ्यावी. जी आसपासच्या मांसास घट्ट चिकटलेली असेल तीच मात्र फोडून आंतील द्रव्य बाहेर काढावें, असा त्याचा सल्ला आहे. हा ग्रंथ १४७८ सालीं फ्लॉरेन्स येथें छापला गेला व युरोपांतील शल्यवैद्यांच्या हातीं आला.

असें असतां आवाळूवरील शस्त्रक्रियेची भीति त्यानंतरहि शेंकडों वर्षें टिकून राहिली. त्याचें कारण उघड आहे. नियम ठाऊक असणें निराळें आणि तो पाळतां येणें निराळें. रोगी पूर्ण शुद्धीवर असतांना, त्याचे हातपाय धरून ठेवून, पातळ भिंतीची पिशवी न फोडतां सावकाश सोडविणें ही सोपी गोष्ट नव्हे. शिवाय जखम झाल्यानंतर तिच्यांत काय शिरेल याचा नेम नसे. ही अडचण किती खरी होती, हें एका राजाच्या आवाळूवरून चांगलें कळून येतें.

१८२० सालच्या जानेवारींत चौथा जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर आला. त्याच्या डोक्यावर एक आवाळूं होतें, आणि तें काढून घ्यावें असें त्यानें ठरविलें. लंडनच्या गाय रुग्णालयांतील ॲस्टली कूपर (१७६८–१८४१) हा त्या काळचा अत्यंत नामांकित शल्यविशारद. मोठमोठ्या रक्तवाहिन्या बांधण्याचीं धाडसी कामें त्यानें केलीं होतीं. बेंजामिन ट्रॅव्हर्स याच्या बरोबरीनें त्यानें प्रसिद्ध केलेल्या निबंधसंग्रहांत पिशवीच्या गांठींवर त्याचा स्वतंत्र निबंध होता. गांठीच्या माथ्यावर दिसणारा काळा ठिपका म्हणजे कातडीवरील बुजलेल्या छिद्राचें तोंड होय, हें त्यानें ओळखलें होतें. असा हा अधिकारी पुरुष राजाच्या डोक्यावरील क्षुल्लक गांठ कापण्यास मात्र नाखूष होता. हें काम दुसऱ्या कोणा वरिष्ठ शल्यविशारदानें करावें अशी त्याची इच्छा होती.

कूपरला धास्ती होती ती धावऱ्याची. डोक्याच्या कातडीवरील लहानशा जखमेंतूनहि धावरें पसरून माणूस दगावल्याचीं उदाहरणें त्या काळच्या प्रत्येक शल्यवैद्याला ठाऊक होतीं, आणि तें कां पसरतें हें कोणासहि ठाऊक नव्हतें. ज्या गांठीनें राजाचें कांहींच बिघडलें नव्हतें, ती काढतांना राजा दगावला असता तर कूपरचें नांव कायमचें बुडालें असतें. अखेर शस्त्रक्रिया त्यालाच करावी लागली, ती निर्विघ्न पार पडली, आणि १८२१ च्या जुलै महिन्यांत त्यास बॅरोनेट ही पदवी मिळाली. या प्रसंगाकडे दरबारी गंमत म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. परंतु त्यांतील खरा प्रश्न आजहि प्रत्येक वैद्यापुढें येतो. दुखणें निरुपद्रवी असेल, तर उपाय दुखण्याहून अधिक धोक्याचा ठरतां कामा नये.

हा धोका पुढील ६०-६५ वर्षांत टप्प्याटप्प्यानें ओसरला. १८४६ सालीं बोस्टन येथें ईथरची गुंगी देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली. १८६७ सालीं जोसेफ लिस्टरनें जंतुघ्न शस्त्रक्रियेची आपली पद्धति प्रसिद्ध केली व धावऱ्याचें भय आटोक्यांत येऊं लागलें. १८८४ सालीं व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यानें कोकेनच्या योगानें डोळा बधिर करून दाखविला, आणि सबंध माणसाला गुंगी न देतां कापावयाची तेवढीच जागा बधिर करण्याचा मार्ग खुला झाला. सेल्ससचा नियम आतां सामान्य वैद्यासहि निवांतपणें पाळतां येऊं लागला.

हात सुधारला तरी डोळा सुधारण्यास मात्र अधिक काळ लागला. एकोणिसाव्या शतकांत अशा गांठींना 'सिबेशियस सिस्ट', म्हणजे स्नेहग्रंथीची पिशवी, असें नांव रूढ झालें. कातडीला तेलकटपणा देणाऱ्या ज्या सूक्ष्म ग्रंथि असतात, त्यांचें तोंड बुजून आंत तेल सांठतें, अशी समजूत या नांवाच्या मुळाशीं होती. ती चुकीची होती. आंतील द्रव्य तेल नसून केरॅटिन असतें हें सूक्ष्मदर्शकाखालीं दिसत असूनहि नांव टिकून राहिलें, आणि आजहि कित्येक दवाखान्यांत तेंच ऐकूं येतें. १९६९ सालीं हर्मन पिंकस या संशोधकानें डोक्यावरील आवाळूच्या भिंतीचा बारकाईनें विचार करून दाखविलें कीं, तिची घडण केसाच्या मुळाभोंवतीं जें वेष्टन असतें त्याच्यासारखी आहे. तेव्हांपासून सामान्य आवाळूचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. पहिला प्रकार कातडीच्या वरच्या थरासारख्या भिंतीचा. तो चेहरा, मान व धड यांवर अधिक आढळतो आणि त्याच्या माथ्यावर बहुधा काळा ठिपका असतो. दुसरा प्रकार केसाच्या वेष्टनापासून होणारा; तो बहुतांशीं डोक्यावरच येतो, त्यावर ठिपका नसतो, त्याची भिंत चिवट असते व म्हणून तो सबंध निघण्यास सोपा असतो. हा दुसरा प्रकार पुष्कळदां एकाच घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालतो.

आतां दुर्मिळ प्रकारांकडे वळूं. खरोखर स्नेहग्रंथीशीं संबंध असलेली पिशवीची गांठ अस्तित्वांत आहे. परंतु ती विरळा. १८७३ सालीं एडिंबरोच्या जेमीसन यानें तिचें वर्णन केलें, आणि १८९९ सालीं प्रिंग्सहाइम यानें तिला 'स्टिॲटोसिस्टोमा मल्टिप्लेक्स' हें नांव दिलें. या रोगांत वयांत येण्याच्या सुमारास छातीवर, काखेंत, दंडांवर लहान लहान गांठी एकामागून एक उठूं लागतात. कधीं कधीं त्यांची संख्या शेंकड्यांवर जाते. टोंचल्यास त्यांतून पिवळसर तेलकट द्रव निघतो, आणि भिंतींत स्नेहग्रंथीचे बारीक कण चिकटलेले दिसतात. आईबापांपैकीं एकास हा रोग असल्यास प्रत्येक मुलास तो येण्याचा संभव निम्मा असतो. घराण्यांत पूर्वीं कोणास नसतांहि तो उद्भवतो. १९९७ सालीं असें आढळून आलें कीं, कांहीं रोग्यांत याचें मूळ केरॅटिन-१७ हें द्रव्य घडविणाऱ्या जनुकाच्या बिघाडांत आहे. तसाच आणखी एक विरळ प्रकार १९७७ सालीं एस्टर्ली, फ्रेट्झिन व पिंकस यांनीं वर्णिला. त्यांत छातीवर बारीक पुळ्यांसारख्या गांठी येतात आणि प्रत्येकीच्या पोटांत लवेसारखे सूक्ष्म केस गुंडाळलेले असतात. वरून पाहतां दोन्ही सारख्याच दिसतात. पिशवी सूक्ष्मदर्शकाखालीं ठेविल्याशिवाय त्यांची पारख होत नाहीं. अशा रोग्यांस वर्षानुवर्षें मुरुमांचे मलम देण्यांत येतात आणि गुण येत नाहीं म्हणून रोगी निराश होतो. या दोन्ही रोगांनीं जिवास धोका नाहीं; पण उघड्या अंगानें चारचौघांत बसण्याची लाज वाटणाऱ्या तरुण मुलास वा मुलीस आपल्या रोगाचें खरें नांव कळणें, हाहि मोठा दिलासा असतो.

'जागा पाहावी' या जुन्या अटीचें महत्त्व तिसऱ्या एका प्रकारानें पटतें. १८३१ सालीं लब्लां या फ्रेंच पशुवैद्यानें एका घोड्याच्या कवटीच्या तळाशीं असलेली गांठ तपासली आणि तिची भिंत कातडीसारखी दिसल्यावरून अशा गांठींस 'डर्मॉइड' हें नांव दिलें. माणसांत ही गांठ जन्मजात असते. गर्भाचा चेहरा जुळतांना कातडीचा अंश सांध्यांत अडकतो, आणि तो पुढें भिवईच्या बाहेरच्या टोंकाशीं, नाकाच्या दांड्यावर किंवा डोक्याच्या मध्यरेषेवर गांठीच्या रूपानें दिसूं लागतो. भिवईजवळची गांठ बहुधा सरळ असते. मध्यरेषेवरील गांठीचा देंठ मात्र कधीं कधीं कवटीच्या हाडांतून थेट मेंदूच्या आवरणापर्यंत पोंचलेला असतो. तान्ह्या मुलाच्या नाकावरील अशी गांठ साधें आवाळूं समजून कापली, तर मेंदूपर्यंत जंतूंना वाट करून दिल्यासारखें होतें. म्हणून आज अशा जागची गांठ उघडण्यापूर्वीं सी.टी. किंवा एम.आर.आय. या साधनांनीं तिचा माग आंतवर काढतात.

याच्या उलट, अकारण भय घालणारीहि एक गांठ आहे. कूपरचाच भाचा लागणारा एडवर्ड कॉक हाहि गाय रुग्णालयांत शल्यविशारद होता. डोक्यावरील आवाळूं फुटून त्या ठिकाणीं लाल मांस उसळतें आणि तें हुबेहूब कर्करोगाच्या व्रणासारखें दिसतें. या प्रकाराला त्याचें नांव मिळालें. नुसत्या डोळ्यांनीं पाहून येथें निकाल दिला, तर निरुपद्रवी गांठीसाठीं रोग्यास मरणाची शिक्षा ऐकविल्यासारखें होईल. आणि खरोखरीचा कर्करोग असतां त्यास आवाळूं म्हटलें, तर त्याहून वाईट. येथेंहि सूक्ष्मदर्शकाची साक्ष घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं.

या इतिहासांतील सर्वांत गंभीर प्रकरण १९५१ ते १९५३ या काळांतील आहे. अमेरिकेंतील युटा संस्थानांत एल्डन गार्डनर हा आनुवंशशास्त्रज्ञ एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास करीत होता. त्या कुटुंबांत मोठ्या आंतड्याचा कर्करोग पिढ्यान् पिढ्या येत होता. ज्यांच्या आंतड्यांत कर्करोगापूर्वींचे असंख्य मोड आढळत, त्यांच्याच अंगावर कातडीखालच्या पिशव्यांच्या गांठी आणि कवटीवर व जबड्यावर हाडाचे उंचवटेहि आढळतात, हें गार्डनरनें व त्याच्या सहकाऱ्यानें दाखवून दिलें. या गांठी स्वतः अगदीं निरुपद्रवी असतात. पण सामान्य माणसास आवाळूं येतें तें बहुधा वयांत आल्यानंतर व एखाददुसरें. येथें गांठी बालपणींच, पुष्कळ, आणि हातापायांसारख्या अनपेक्षित जागींहि उठतात. पोटांतील रोग जाणवूं लागण्याच्या कितीतरी वर्षें आधीं कातडी त्याची सूचना देत असते. १९९१ सालीं या रोगाच्या मुळाशीं असलेलें ए.पी.सी. नांवाचें जनुक सांपडलें. उपचार न केल्यास अशा रोग्यांपैकीं जवळजवळ सर्वांना आंतड्याचा कर्करोग होतो, आणि तोहि बहुधा चाळिशीच्या सुमारास. उलट वेळींच ओळख पटली, तर दुर्बिणीनें आंतड्याची नियमित तपासणी करून व जरूर तेव्हां शस्त्रक्रिया करून तो टाळतां येतो. गांठ निरुपद्रवी आहे एवढें सांगून जो वैद्य अशा मुलास परत पाठवील, तो बोलेल तें खरेंच. पण त्या खऱ्याचा मुलास कांहीं उपयोग होणार नाहीं.

तात्पर्य, आवाळूचा निकाल देण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे लागतात. तें कोठें आहे? केव्हां उठलें? एकटें आहे कीं पुष्कळांपैकीं एक? आणि घराण्यांत आणखी कोणास आहे काय? याशिवाय काढलेली गांठ सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घेणें हें श्रेयस्कर. कारण अशा पिशवीच्या भिंतींत क्वचित्, फारच क्वचित्, कर्करोग निघतो.

उपचाराविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. न दुखणाऱ्या, न वाढणाऱ्या, ओळख पटलेल्या आवाळूला हात न लावणें हाहि एक रास्त उपचार आहे. काढावयाचें ठरल्यास जागा बधिर करून लहानशा छेदांतून पिशवी सबंध काढतात. ज्यांच्या अंगावर पुष्कळ गांठी असतात, त्यांच्या प्रत्येक गांठीस बारीक छेद देऊन चिमट्यानें भिंत ओढून घेतात. आवाळूं एकाएकीं लाल होऊन ठणकूं लागलें, तर लोक तें गळूं समजून पिळतात. वस्तुतः पुष्कळदां तेथें जंतूंचा संबंध नसतो. पिशवी फुटून आंतील केरॅटिन आसपासच्या मांसांत उतरलेलें असतें, आणि शरीर त्या परक्या वस्तूवर तुटून पडलेलें असतें. पिळल्यानें तें अधिकच आंत पसरतें. अशा वेळीं भिंत ठिसूळ झालेली असल्यामुळें ती सबंध निघत नाहीं. म्हणून प्रथम दाह शमवावा, पू झाला असल्यास त्यास वाट द्यावी, आणि कांहीं आठवड्यांनीं गांठ शांत झाल्यावर पिशवी काढावी, अशी हल्लींची रीत आहे. गांठ पिकूं देऊं नये, ही जुनी अट कां घातली गेली असावी, हें यावरून कळून येईल.

तेव्हां ज्यांच्या अंगावर अशी गांठ आहे त्यांनीं भिण्याचें कारण नाहीं. पण सुई टोंचणें, डाग देणें, पिळणें हे उद्योगहि घरीं करूं नयेत. एकदां ती जाणत्या वैद्यास दाखवावी. मुलांच्या अंगावर एकाहून अधिक गांठी दिसल्या, किंवा नाकावर अथवा डोक्याच्या मध्यरेषेवर जन्मापासून गांठ असली, तर विलंब न लावतां दाखवावी, आणि घराण्यांत कोणास आंतड्याचा रोग झाला असल्यास तें न विचारतांहि त्यास सांगावें. इतकें सांगून हें व्याख्यान पुरें करतों.